ब्रायटनची छत्री

विलायतेंत राहणाऱ्या हिंदी माणसाला शनिवार-रविवार म्हणजे एक कोडेंच असतें. आठवड्याचे पांच दिवस कामांत निघून जातात. पण शनिवारीं सकाळीं घराची, आमटीच्या वासाची आणि उन्हाची अशी कांहीं आठवण येते कीं, खोलींत बसवत नाहीं. मग चार मित्र जमतात, टेबलावर नकाशा उघडतात आणि 'आज कोठें?' या प्रश्नाची चर्चा चहाचे दोन प्याले होईपर्यंत चालते. अशाच एका शनिवारीं आम्ही चौघेजण लंडनहून ब्रायटनला गेलों. त्या सहलीची आणि त्या दिवशीं डोळ्यांपुढें उभ्या राहिलेल्या इतिहासाची हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

आम्ही चौघे म्हणजे लुधियानाकडचे एक सरदारजी, कलकत्त्याचे एक ग्रंथपाल, नागपूरचे एक डॉक्टर आणि मी. बेत ठरविला डॉक्टरांनीं. आदल्या रात्रीं टेलिफोनवर त्यांनीं मला बजावलें, "आणि हें पाहा, छत्रीचें विसरूं नका." इंग्लंडांतील हवेचा अनुभव असल्यामुळें मीं ती सूचना शिरसावंद्य मानली आणि सकाळीं व्हिक्टोरिया स्टेशनवर भलीमोठी काळी छत्री घेऊन उभा राहिलों. ती पाहून डॉक्टर मनमुराद हंसले. त्यांना अभिप्रेत असलेली छत्री निराळी होती. पुण्याजवळ वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे, त्या जातीची. म्हणजे जेथें चिता पेटली त्या जागेवर उभारलेलें स्मारक. असें एक स्मारक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, मेंढ्या चरतात अशा एका उघड्या टेकडीवर आहे, आणि इंग्रज लोकही त्याला 'छत्री' याच नांवानें ओळखतात, हें मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतें.

ब्रायटन लंडनपासून सुमारें पन्नास मैलांवर आहे; आगगाडीनें तासाभराचा प्रवास. लंडनकरांचें हवा खाण्याचें हें जुनें ठिकाण. समुद्र आहे, पण आपल्या चौपाटीची वाळू नाहीं. सारा किनारा गोट्यांचा, त्यावरून अनवाणी चालणें म्हणजे प्रायश्चित्तच. हिंदी माणसांचा या गांवाशीं संबंध मात्र बराच जुना. पाटण्याचे साके दीन महंमद हे कंपनी सरकारच्या फौजेंतून विलायतेस आले. १७९४ सालीं त्यांनीं इंग्रजींत आपलें प्रवासवर्णन छापलें, १८१० सालीं लंडनमध्यें हिंदी जेवणाचें हॉटेल काढलें, आणि तें न चालल्यामुळें ब्रायटनला येऊन वाफेच्या स्नानाचा व चंपीचा व्यवसाय मांडला. हा धंदा मात्र इतका भरभराटला कीं, दोन राजांनीं त्यांना आपल्या सेवेंत नेमलें. १८५१ सालीं ते वारले. त्यांचें थडगें तेथल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारांत आहे. पुढें गांधीजी बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठीं विलायतेस आले, तेव्हां पहिल्याच वर्षीं ते ब्रायटनच्या एका हॉटेलांत उतरले होते. जेवणाची यादी फ्रेंच भाषेंत असल्यामुळें ते गोंधळले आणि एका वृद्ध बाईनें त्यांना शाकाहारी पदार्थ कोणते तें समजावून दिलें, ही आठवण त्यांनीं आत्मकथेंत लिहून ठेवली आहे. ती सांगून ग्रंथपाल म्हणाले, "म्हणजे सुटीच्या दिवशीं ब्रायटनला येऊन उपाशी राहण्याची परंपरा थोरांची आहे." त्यांना भूक लागली होती, हें उघड होतें.

स्टेशनावरून उतरत गेलें कीं गांवाच्या मध्यभागीं 'रॉयल पॅव्हिलियन' नांवाचा राजवाडा दिसतो. दिसतो म्हणण्यापेक्षां अंगावर येतो म्हणावें. राखी आकाशाखालीं, इंग्रजी दुकानांच्या शेजारीं, एकदम कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार, दगडी जाळ्या! दिल्ली किंवा लखनौ पाहिलेल्या माणसाला त्यांत ओळखीचें सर्व दिसतें आणि तरीही कांहींच ओळखीचें वाटत नाहीं. आंत गेल्यावर तर चिनी थाट. जेवणाच्या दालनांत छताशीं एक रुपेरी राक्षसी सर्प, आणि त्याच्या पंजांत सुमारें एक टन वजनाचें झुंबर. ज्याच्या हौसेनें हें सारें झालें तो पुढें चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला राजपुत्र. त्यानें हिंदुस्थान पाहिला नव्हता आणि चीनही पाहिला नव्हता.

मग हा हिंदुस्थान त्याच्या वास्तुकारांना सांपडला कोठें? बव्हंशीं चित्रांच्या पुस्तकांत. टॉमस आणि विल्यम डॅनिएल हे चुलते-पुतणे १७८६ पासून १७९३ पर्यंत हिंदुस्थानांत फिरले आणि परत जाऊन त्यांनीं देवळांचीं, मशिदींचीं व घाटांचीं चित्रें मोठाल्या खंडांत छापलीं. त्यांवरून विलायतेंत हिंदी घाटाच्या इमारतींची आवड पसरली. या प्रकरणांत आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा आहे. पुण्यास सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचीं चित्रें काढणारा जेम्स वेल्स हा चित्रकार आपणांस ठाऊक असेल. त्यानें वेरूळच्या लेण्यांचीं रेखाटनें केलीं होतीं. तो १७९५ सालीं वारल्यावर टॉमस डॅनिएलनें तीं १८०३ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केलीं. त्याच सालीं ब्रायटनला राजपुत्राच्या घोड्यांसाठीं हिंदी पद्धतीचा घुमटाकार तबेला बांधावयास प्रारंभ झाला. आणि त्याच १८०३ च्या २३ सप्टेंबरला असईच्या मैदानांत शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा मोड झाला. मुख्य राजवाड्यावर घुमट चढविण्याचें काम जॉन नॅश यानें १८१५ पासून १८२२ पर्यंत केलें. त्याच्या मधोमध, ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, खडकीची लढाई झाली. एकाच काळांत हिंदुस्थानांतील राज्यें जात होतीं आणि हिंदुस्थानाचे घुमट इंग्लंडच्या किनाऱ्यावर उगवत होते. दोहोंचा कार्यकारणसंबंध लावण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु सनावळी शेजारीं ठेवली म्हणजे मन थबकतें, एवढें खरें.

चौथ्या जॉर्जनंतर या वाड्याची रया गेली. व्हिक्टोरिया राणीला तो गांवाच्या गजबजाटांत असल्यामुळें आवडेना, आणि १८५० सालीं तो ब्रायटन गांवानेंच ५३,००० पौंडांस विकत घेतला. ही गोष्ट कृपा करून ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

पहिल्या महायुद्धाला तोंड लागलें ऑगस्ट १९१४ मध्यें. सप्टेंबरच्या अखेरीस हिंदी पलटणी मार्सेय बंदरांत उतरल्या आणि ऑक्टोबरांत, अंगावर उष्ण देशांतला गणवेश असतांना, फ्लँडर्सच्या चिखलांत खंदकांत गेल्या. आपल्या खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या दोन कंपन्या त्यांत होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यूव्ह शॅपेल या खेड्यावर झालेल्या हल्ल्यांत पूल-रस्ते बांधणाऱ्या या लोकांना संगिनी लावून पुढें घालण्यांत आलें. गल्लीगल्लींत झुंज झाली आणि त्यांचे जवळजवळ सारे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. अशा लढायांतील जखमी हिंदी शिपायांसाठीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर इस्पितळें उघडण्यांत आलीं, आणि ब्रायटनमध्यें तीन जागा निवडण्यांत आल्या: एक शाळा, एक गरीबखाना, आणि हा राजवाडा.

डिसेंबर १९१४ पासून पॅव्हिलियन व त्याच्या बाजूचा तो जुना घुमटाकार तबेला यांत सातशेंहून अधिक खाटा लागल्या. झुंबराखालीं शिपाई निजूं लागले. राजाचें जें प्रचंड स्वयंपाकघर, ज्याचे खांब लोखंडी ताडांसारखे आहेत, तेथें शस्त्रक्रियेची खोली झाली. डॉक्टर त्या ठिकाणीं बराच वेळ उभे होते. "उजेड चांगला आहे आणि पाणीही हाताशीं," एवढेंच ते म्हणाले. शिपायांच्या धर्मभावनांची काळजी आश्चर्य वाटावें इतकी घेतलेली होती. निरनिराळ्या धर्मांसाठीं व जातींसाठीं मिळून नऊ स्वयंपाकघरें, हिंदूंना व मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे, मांसाची व्यवस्था ज्याच्या त्याच्या रिवाजाप्रमाणें, पाट्या उर्दू, गुरुमुखी व देवनागरी लिपींत. शिखांच्या गुरुद्वारासाठीं बागेंत एक तंबू, आणि हिरवळीवर नमाजाची जागा.

सरदारजींचा गळा येथें दाटून आला. त्यांच्या पणजोबांचे भाऊ या युद्धांत फ्रान्सला होते, असें त्यांच्या घरीं सांगत आले आहेत. "परक्या मुलखांत जखमी पडलेल्या माणसाला कोणी त्याच्या हातची रोटी दिली, हें लहान आहे काय?" असें ते म्हणाले. ग्रंथपालांचें मत निराळें पडलें. पेटींत मांडून ठेवलेल्या छायाचित्रांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हीं चित्रें इतकीं सुबक कां आहेत, तें विचारा. जखमी माणसांचे इतके फोटो कोणी काढतो काय?"

त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. १९१५ सालीं या इस्पितळाची सचित्र पुस्तिका इंग्रजी, उर्दू व गुरुमुखी अशी तीन भाषांत छापली गेली. बादशहानें आपला वाडा आपल्या हिंदी शिपायांसाठीं रिकामा करून दिला, असा समज पसरूं देण्यांत आला आणि शिपायांनीं तसें घरीं लिहिलेंही. आतां तो वाडा पासष्ट वर्षांपूर्वींच बादशाही घराण्यानें गांवाला विकला होता, हें मघां सांगितलेंच. पंचम जॉर्ज येथें स्वतः आले, हें मात्र खरें. ऑगस्ट १९१५ मध्यें याच हिरवळीवर त्यांनीं मीर दस्त या पठाण अधिकाऱ्याला व्हिक्टोरिया क्रॉस बहाल केला. ईप्रच्या लढाईंत विषारी वायूंतून त्यानें माणसें ओढून आणलीं होतीं. त्या वेळीं त्यानें बादशहाला विनंती केली कीं, एकदां जखमी झालेल्या माणसाला पुन्हां खंदकांत धाडूं नये, असें त्या काळच्या एका पत्रांत आहे. बरें होऊन पुन्हां आघाडीवर जावें लागणें, हेंच त्या पत्रांतलें सर्वांत मोठें दुःख. हीं पत्रें सरकारी तपासनीस उघडून वाचीत आणि त्यांचे उतारे भाषांतर करून ठेवीत; म्हणूनच तीं आज आपणांस वाचावयास मिळतात. शिपायांना पत्रें फोडलीं जातात याची कल्पना असे, म्हणून ते मिरचीच्या उपमा देत: काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, तांबडी म्हणजे गोरे.

जेवण झाल्यावर डॉक्टरांनीं आम्हांला एल्म ग्रोव्ह नांवाच्या चढणीवर नेलें. सहलीला गेलेला मनुष्य या बाजूला सहसा फिरकत नाहीं. वर घड्याळाचा मनोरा असलेली एक लांबट, उदास इमारत आहे. गरीबखाना म्हणून ती बांधली गेली, आणि युद्धांत तिला 'किचनर इंडियन हॉस्पिटल' हें नांव मिळालें. खाटा पॅव्हिलियनपेक्षां पुष्कळच अधिक, पण छायाचित्रें थोडीं. या इस्पितळाचे मुख्य कर्नल सर ब्रूस सेटन यांनीं शिस्त अशी कडक ठेवली कीं, भिंतींवर कांटेरी तारा लावल्या, पहारे बसविले आणि बाहेर जाण्याचे परवाने जवळजवळ बंद केले. हिंदी शिपाई आणि गांवांतल्या गोऱ्या स्त्रिया यांची ओळख वाढेल, ही त्यामागील धास्ती. शिपायांनाच नव्हे, तर हिंदी नोकरवर्गालाही हे निर्बंध लागू होते. अन्नवस्त्र भरपूर आहे पण स्वातंत्र्य नाहीं, आणि हिंदुस्थानांतल्या कैद्यांना अंदमान आहे तसें आम्हांला हें विलायतेंत लाभलें, अशा अर्थाचें एकानें लिहून ठेवलें आहे.

१९१५ सालाच्या अखेरीस या इस्पितळांतील एका हिंदी सब-असिस्टंट सर्जननें कर्नल सेटन यांच्यावर पिस्तूल रोखलें. कर्नल बचावले, सर्जनवर लष्करी खटला होऊन त्याला कारावासाची शिक्षा झाली. त्याचें नांव जगू गोडबोले.

तें नांव डॉक्टरांनीं उच्चारलें तेव्हां मी चमकलों, हें कबूल करावयास हवें. तोंपर्यंत ऐकलेला सारा इतिहास सरदारजींचा, पठाणांचा, गढवाल्यांचा. मी त्यांत पाहुणा होतों. आणि आतां एकदम आपल्या आळींतलें आडनांव! हत्येचा प्रयत्न तो हत्येचा प्रयत्नच; त्याचें समर्थन मी करीत नाहीं. पण ज्यानें दिवसभर दुसऱ्यांच्या जखमा बांधाव्या, त्याला संध्याकाळीं फाटकाबाहेर जाऊन समुद्र पाहण्याचीही मोकळीक नसावी, ही गोष्ट त्या चढणीवर उभें राहिल्यावर निराळी समजते. वरून समुद्र स्पष्ट दिसतो. "आम्ही आज सकाळीं तिकीट काढलें आणि आलों," असें ग्रंथपाल म्हणाले, आणि कोणी कांहीं बोललें नाहीं.

येथें न्यायाची बाजू म्हणून आणखी एक सांगितलें पाहिजे. हिंदी शिपाई लढाई टाळण्यासाठीं आपल्याच हाताला गोळी मारून घेतात, असा प्रवाद त्या वेळीं वरिष्ठ मंडळींत जोरांत होता. याच कर्नल सेटन यांनीं आपल्या इस्पितळांतील एक हजार जखमांची एकेक करून छाननी केली आणि त्या प्रवादाला आधार नाहीं असा अहवाल दिला. ज्यानें कांटेरी तारा लावल्या, त्यानेंच त्या माणसांच्या इभ्रतीवरचा डाग पुसला. इतिहासांतलीं माणसें आपल्या सोयीप्रमाणें वागत नाहींत.

ब्रायटनच्या इस्पितळांत जे हिंदी शिपाई दगावले, त्यांपैकीं एकवीस मुसलमान. त्यांना वोकिंग येथें, तेथील मशिदीपासून जवळच, मूठमाती देण्यांत आली. हिंदू आणि शीख मिळून त्रेपन्न. त्यांचें दहन गांवाबाहेर पॅचम नांवाच्या खेड्यामागच्या टेकड्यांवर झालें आणि रक्षा समुद्रांत सोडण्यांत आली. त्या जागेवर स्मारक व्हावें, ही कल्पना १९१५ सालीं दासगुप्ता नांवाच्या एका हिंदी वैद्यकीय अधिकाऱ्यानें काढली आणि ब्रायटनचे नगराध्यक्ष जॉन ऑटर यांनीं ती उचलून धरली. आराखडा मुंबईचे ई. सी. हेन्रिक्स यांचा, जयपूर संस्थानांत गाजलेले इंजिनिअर सर स्विंटन जेकब यांची त्यावर देखरेख. खर्च इंडिया ऑफिस आणि ब्रायटनची नगरपालिका यांनीं वांटून घेतला.

पॅचमपर्यंत बस आहे. पुढें मात्र पायीं. हमरस्त्यावरचा पूल ओलांडला कीं मोटारींचा आवाज मागें पडतो आणि गवताळ चढण लागते. वारा इतका कीं, माझी ती सुप्रसिद्ध छत्री उघडणें अशक्य झालें. एका वळणावर एकदम खालच्या उतारावर पांढरा घुमट दिसतो. आठ खांबांवर तोललेली, सिसिलीच्या संगमरवराची, २९ फूट उंचीची छत्री. तिच्या पायथ्याशीं तीन मोठ्या शिळा आहेत; ज्या ओट्यांवर चिता रचीत, ते या शिळांखालीं झांकलेले आहेत. १ फेब्रुवारी १९२१ रोजीं इंग्लंडच्या युवराजांनीं तिचें उद्घाटन केलें. दुसऱ्या महायुद्धांत ही टेकडी सैन्याच्या सरावासाठीं घेतली गेली, तेव्हां खांबांना गोळ्याही लागल्या. शिलालेख इंग्रजींत व हिंदी भाषांत असून, बादशहासाठीं प्राण वेंचलेल्या हिंदी शिपायांचें हें स्मारक त्यांच्या चितेच्या जागीं कृतज्ञतेनें व बंधुभावानें उभारलें आहे, असा त्याचा आशय आहे. सारें आहे, पण त्यांत नांव एकाचेंही नाहीं.

पॅव्हिलियनच्या नऊ स्वयंपाकघरांची नोंद राहिली, संगमरवर कोठला तें नोंदलें गेलें, आणि या टेकडीवर जळलेल्या माणसांचीं नांवें मात्र येथें कोरावयास सन २०१० उजाडावें लागलें. त्या वर्षीं २६ सप्टेंबरला, युद्धांतील कबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थच्या मंडळानें छत्रीशेजारीं एक साधा दगड उभारला. त्यावर हुद्दा आणि पलटण यांसह त्रेपन्न नांवें आहेत. छत्री उभी राहिल्यानंतर एकोणनव्वद वर्षांनीं. गोडबोले त्या त्रेपन्नांत अर्थातच नाहींत.

सरदारजींनीं पायांतले जोडे काढले. आम्हींही काढले, गवत ओलें होतें. मग ते त्या दगडासमोर उभे राहून एकेक नांव मोठ्यानें वाचूं लागले. वाऱ्यामुळें कांहीं नांवें आम्हांला ऐकूं आलीं, कांहीं नाहीं. वाचतांना ज्या नांवाचा उच्चार इंग्रजी अक्षरांवरून नीट लागेना, तेथें ते थांबत, दोन-तीन परींनीं म्हणून पाहत आणि पटला तोच उच्चार घेऊन पुढें जात. दूरवर मेंढ्या चरत होत्या. ग्रंथपालांनीं, दुपारीं ज्यांचा मुद्दा आम्हीं सर्वांनीं मान्य केला होता त्यांनीं, आपली वही काढली आणि सरदारजी वाचतील तसतसें लिहून घेतलें. मंडळाच्या नोंदींत पुष्कळ हिंदी शिपायांच्या बापाचें नांव आणि गांवही सांपडतें. तीं शोधून काढावयाचें त्यांनीं परतीच्या गाडींत सरदारजींना वचन दिलें.

दर वर्षीं जून महिन्यांत या टेकडीवर स्मरणसमारंभ होतो. ब्रायटनला जाणाऱ्या आपल्या मंडळींनीं तो साधला तर उत्तमच. एरवीही वाट कोणत्याही दिवशीं खुली आहे. पायांत मात्र दणकट जोडे असावेत. उतरतांना आम्हांला पाऊस लागला, आणि पॅचमच्या बसथांब्यापर्यंत आम्ही चौघेही त्या एका काळ्या छत्रीखालून आलों.